सॅन होजेच्या महापौरांना खुलं पत्र: आगीची माफी मागितलीत, आता 1949 चं बोला

प्रति,
मा. महापौर,
सॅन होजे शहर, कॅलिफोर्निया

सा. न. वि. वि.

आपल्याला मराठी येत नाही, हे मला ठाऊक आहे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते इथल्या आमच्या लोकांसाठी. आम्ही या खोऱ्यात हजारोंनी राहतो, इथे घरं घेतो, मालमत्ता कर भरतो, गणपती बसवतो. पण आपल्या शहराच्या इतिहासात डोकवायला आम्हाला सवड होत नाही. एखादी गोष्ट महापौरांना सांगायची आणि शेजाऱ्याला सांगायची नाही, हे मला बरं वाटत नाही.

विषय एका देवळाचा आहे. ‘एंग शिंग गुंग’, म्हणजे पाच देवांचं देऊळ, इथल्या चिनी लोकांचं. 1888 मध्ये बांधलेलं आणि 1949 मध्ये पाडलेलं. पाडलं ते आपल्या शहराने.

आमच्यातल्या बऱ्याच जणांना सॅन होजेत चायनाटाउन होतं हेच माहीत नाही. चायनाटाउन म्हटलं की सॅन फ्रान्सिस्को, एवढंच डोक्यात असतं. प्रत्यक्षात या एका शहरात एकामागून एक पाच चिनी वस्त्या होऊन गेल्या. त्यांतली सर्वांत गजबजलेली वस्ती मार्केट स्ट्रीट आणि सॅन फर्नांडो स्ट्रीटच्या कोपऱ्यावर होती. आज तिथे मोठं हॉटेल आहे. 2024 च्या जूनअखेर बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन इथल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये झालं, तेव्हा अमेरिकाभरातून आलेली आमची मंडळी नटूनथटून ज्या रस्त्यांवरून फिरत होती, त्यांतलाच हा एक. कन्व्हेन्शन सेंटरपासून चालत काही मिनिटांवर. त्या चार दिवसांत तिथे कोणी क्षणभर थांबलं असेल, असं मला वाटत नाही. थांबायला हवं हे कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या वस्तीत राहणारी माणसं प्रामुख्याने ग्वांगडोंग प्रांतातून आलेली. त्यांनी रेल्वेचे रूळ टाकले, सांता क्लारा खोऱ्यातल्या बागा आणि स्ट्रॉबेरीची शेतं राबून उभी केली, घरोघरी स्वयंपाक केला, कपडे धुतले. सांताक्रूझच्या समुद्रावर जाताना आपण हायवे 17 ने ज्या डोंगरातून जातो, त्या डोंगरात रेल्वेचे बोगदे त्यांनीच खणले. राइट्सजवळच्या बोगद्यात 1879 मध्ये स्फोट होऊन त्यांच्यातले कित्येक मेले. आणि तीनच वर्षांनी, 1882 मध्ये, चिनी मजुरांना देशाचं दारच बंद करणारा कायदा झाला. एका देशाच्या लोकांचं नाव घेऊन केलेला अमेरिकेचा हा पहिला मोठा बंदी-कायदा.

1886 च्या फेब्रुवारीत राज्यभरातल्या चिनीविरोधकांचं अधिवेशन सॅन होजेतच भरलं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये नगर परिषदेने मार्केट स्ट्रीटची वस्ती हा ‘सार्वजनिक उपद्रव’ आहे असा ठराव केला. समोरच्या चौकात नवीन सिटी हॉल बांधायचा होता, आणि त्याच्यासमोर ही वस्ती शोभत नव्हती. तेव्हाही आपल्याच खुर्चीत एक महापौर बसले होते. ठराव कोर्टकचेरीत रेंगाळला असता, पण त्याची गरज पडली नाही. 4 मे 1887 ला भरदिवसा आग लागली आणि वस्ती राख झाली. हजाराहून जास्त माणसं उघड्यावर आली. आग लावली गेली होती यावर आज सगळ्यांचं एकमत आहे, पण ती लावणारा हात कोणाचा हे कधी सिद्ध झालं नाही.

या आगीबद्दल आपल्या शहराने सप्टेंबर 2021 मध्ये जाहीर माफी मागितली. नगर परिषदेने ठराव केला आणि सर्कल ऑफ पाम्सच्या ताडवर्तुळात, जळलेल्या वस्तीच्या जागेवर, समारंभ झाला. आपण तेव्हा महापौर नव्हता, पण ठराव शहराचा आहे, म्हणजे आपलाही आहे. मला तो मनापासून आवडला. चुकलेल्या गोष्टींची माफी मागायला दीडशे वर्षांनीही जीभ न रेटणारी शहरं आणि सरकारं मी पुष्कळ पाहिली आहेत, इथली आणि तिकडची.

पण गोष्ट आगीपाशी संपत नाही. माझ्या मते ती तिथून खरी सुरू होते.

आगीनंतर काही लोक वूलन मिल्स या लोकरीच्या गिरणीजवळ जाऊन राहिले. उरलेल्यांना जागा दिली जॉन हाइनलन नावाच्या एका जर्मन जमीनमालकाने. हा माणूस स्वतःच बाहेरून आलेला. सहाव्या रस्त्यालगत, टेलर आणि जॅक्सन यांच्या मधली जमीन त्याने चिन्यांना भाड्याने दिली. त्याला धमक्या आल्या, वर्तमानपत्रांनी झोडपलं, शेजाऱ्यांनी तोंड फिरवलं. त्याने करार मोडला नाही. उलट पक्क्या विटांच्या इमारती बांधून द्यायच्या ठरवल्या, कारण लाकडी घरं कशी पेटतात हे सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं. त्या इमारतींचा आराखडा त्याने थिओडोर लेन्झनकडून करून घेतला. लेन्झन म्हणजे शहरातला तेव्हाचा बडा वास्तुविशारद. ज्या सिटी हॉलसाठी चिनी वस्ती उपद्रव ठरली, त्याचा आराखडाही याच लेन्झनचा. तो सिटी हॉल 1889 मध्ये पुरा झाला आणि 1958 मध्ये शहराने तोही पाडला. मी यावर काही म्हणत नाही, फक्त तारखा सांगते.

नव्या वस्तीला लोक हाइनलनव्हिल म्हणू लागले. भोवती उंच कुंपण होतं आणि रात्री त्याची दारं बंद होत. एखादी वस्ती कुंपणात ठेवली की आपल्याला वाटतं, आतल्यांना कोंडलं. इथे बाहेरच्यांना थोपवायचं होतं.

या वस्तीत क्लीव्हलँड नावाच्या मधल्या रस्त्यावर एंग शिंग गुंग उभं राहिलं. दुमजली, विटांचं. वरच्या मजल्यावर देव, खालच्या मजल्यावर सभेची जागा, मुलांची चिनी शाळा आणि वाटसरूंना पथारी टाकण्यापुरता आसरा. देऊळ, शाळा, चावडी आणि धर्मशाळा, सगळं एकाच छपराखाली. ज्यांना नागरिकत्व मिळणार नव्हतं, ज्यांची कोर्टात साक्ष धरली जाईलच याची खात्री नव्हती, त्यांचे तंटे इथेच मिटायचे आणि त्यांची पत्रं इथेच वाचली जायची.

पाच देव कोण? आमच्या पंचायतनासारखी ही एकत्र बसवलेली मंडळी. युद्धाचा आणि न्यायाचा ग्वान गुंग, धनाचा चॉय सुन, कँटन शहराचा रक्षक शिंग वाँग, दर्यावर्दींना तारणारी तिन हाउ आणि करुणेची देवी ग्वान यिन. यांतल्या शेवटच्या देवीशी आमचं जुनं नातं आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडं लिहिते. ग्वान यिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी तोच. बौद्ध धर्माबरोबर तो चीनला गेला आणि शतकांच्या ओघात तिथे देवी झाला. औरंगाबादच्या सातव्या लेण्याच्या दाराशी त्याचं एक मोठं शिल्प आहे. मधे अवलोकितेश्वर आणि दोन्ही बाजूंना तो ज्यांतून भक्तांना सोडवतो ती आठ महाभयं. हत्ती आहे, सिंह आहे, साप आहे, फुटणारं जहाज आहे, बेड्या आहेत, आणि आग आहे. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांनी जी भयं दगडात कोरून घेतली, तीच जवळपास सगळी या माणसांनी अंगावर घेतली होती. पॅसिफिक ओलांडून, जळून निघून, कुंपणाआड राहून त्यांनी माडीवर कोणाला बसवलं, तर तिला.

(हे औरंगाबादचं शिल्प आमच्यातल्या अनेकांनी पाहिलेलं नसतं, वेरूळ करून परत येतात. असो.)

दर काही वर्षांनी या देवळाच्या भोवती ‘दा जिऊ’चा मोठा उत्सव भरायचा. बेवारस मेलेल्यांच्या, ज्यांना पाणी द्यायला कोणी नाही अशांच्या आत्म्यांना जेवू घालण्याचा. कागदाचे पुरुष-पुरुषभर उंच पुतळे, मिरवणूक, वाद्यं. गावोगावच्या शेतांवरून चिनी मजूर त्यासाठी यायचे. एका अख्ख्या पिढीला बायका-मुलं आणायला कायद्याने मज्जाव केला होता, तेव्हा आपल्यामागे पाणी कोण देणार हा प्रश्न त्यांच्यासाठी नुसता धार्मिक नव्हता.

मग वस्ती ओसरली. बंदी-कायद्यामुळे नवीन माणसं येईनात. म्हातारे एकेक करून गेले, तरुण दुसरीकडे पांगले. हाइनलन 1903 मध्ये वारला. त्याच्या वारसांच्या कंपनीचं 1931 मध्ये दिवाळं निघालं, जमीन शहराच्या ताब्यात आली आणि इमारती पडू लागल्या. तिथे महापालिकेचं कोठार-आवार झालं, गाड्या आणि सामानसुमान ठेवायला. त्या सगळ्यात देऊळ तेवढं उभं राहिलं, वस्ती गेल्यावरही अठरा वर्षं. शेजारचं जपानटाउन 1942 मध्ये रिकामं केलं गेलं, माणसं छावण्यांत नेली गेली, आणि युद्ध संपल्यावर त्यांतली काही परत आली, तोपर्यंतही देऊळ होतं. ते वाचावं म्हणून धडपड झाली. ती पुरी पडली नाही. 1949 मध्ये ते पाडलं गेलं. कोरीवकाम केलेली सोनेरी वेदी तेवढी वाचली आणि साठवणीत गेली.

आता मुद्द्यावर येते.

1887 ची आग द्वेषाने लागली. तिची गोष्ट सांगायला सोपी आहे. त्यात खलनायक आहे, ज्वाळा आहेत, बळी आहेत. ऐकणारा प्रत्येकजण मनात म्हणतो, मी असा नाही, मी असं केलं नसतं. 1949 मध्ये असं काही नव्हतं. कोणी मशाल घेऊन आलं नाही. माझी अशी समजूत आहे की देऊळ पाडणाऱ्यांपैकी कोणाचाच चिनी लोकांवर राग नसावा. सहाच वर्षांपूर्वी, 1943 मध्ये, बंदी-कायदासुद्धा रद्द झाला होता. होती ती एक जुनी इमारत, महापालिकेच्या आवारात, वापरात नसलेली, दुरुस्तीला खर्चिक. अशा इमारतीचं काय करायचं हे कोणत्याही शहरातल्या कोणत्याही कारकुनाला पाठ असतं. फाइल फिरते, सह्या होतात, कामगार येतात.

आग विझवता तरी येते. फाइल विझवायला कोणी धावत नाही.

म्हणूनच मला वाटतं की आपल्या शहराच्या माफीत 1887 इतकीच जागा 1949 ला हवी. आगीसारख्या गोष्टी पुन्हा घडू नयेत असं आपण म्हणतो, आणि बहुधा त्या घडणारही नाहीत. पण 1949 सारखी गोष्ट पुढच्या मंगळवारच्या बैठकीतसुद्धा घडू शकते. विषयपत्रिकेवर तिसाव्या क्रमांकावर, चर्चेविना.

या माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. देऊळ परत बांधलं आहे की! केली पार्कमधल्या हिस्टरी पार्कमध्ये त्याची प्रतिकृती 1991 पासून उभी आहे. ‘चायनीज हिस्टॉरिकल अँड कल्चरल प्रोजेक्ट’ या संस्थेच्या लोकांनी पैसे जमवले, जुन्या फोटोंवरून इमारत उभी केली, वेदी दुरुस्त करून वरच्या मजल्यावर बसवली आणि खाली चिनी-अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय केलं. काम इतकं निगुतीने केलेलं आहे की मी पाहुण्यांना तिथे नेतेच. भारतातून आलेले ज्येष्ठ नागरिक गोल्डन गेट पाहून जेवढे थक्क होत नाहीत तेवढे त्या वेदीसमोर होतात. बरेचजण चपला कुठे काढायच्या ते विचारतात.

पण त्या संस्थेने पैसे का जमवले? कारण शहराने पाडलं. पाडणाऱ्याने पाडायचं आणि ज्यांचं पडलं त्यांनी वर्गणी काढून पुन्हा बांधायचं आणि शहराला भेट द्यायचं, असा तो हिशेब आहे. शिवाय प्रतिकृती दुसऱ्या जागी आहे, हलवून आणलेली जुनी घरं, जुनी ट्राम आणि आइस्क्रीमचं दुकान यांच्या शेजारी. तिथे ती फार गोजिरवाणी दिसते. मूळ देवळाला गोजिरवाणं होणं परवडलं नसतं.

तर माझ्या विनंत्या अशा. प्रतिकृतीच्या दाराशी, आत पाऊल टाकण्याआधीच, ठळक अक्षरांत एक वाक्य असावं: ‘मूळ देऊळ या शहराने 1949 मध्ये पाडलं.’ आत फलक वाचत वाचत माणसाला ते कळावं असं नको. बाहेर, रस्त्यावरून दिसेल असं, आणि खाली शहराची मुद्रा. ‘पाडण्यात आलं’ असंही नको. कोणी पाडलं ते कर्त्यासकट लिहा.

दुसरी गोष्ट मार्केट स्ट्रीटबद्दल. 1985 मध्ये त्या हॉटेलच्या बांधकामासाठी खोदाई झाली तेव्हा जळलेल्या वस्तीचे अवशेष वर आले. भांडी, वाट्या, बाटल्या, खेळाच्या सोंगट्या, ताटातली हाडं. खोदाई घाईने झाली, कारण बांधकाम थांबून राहणार नव्हतं, आणि त्या वस्तू पेट्यांत भरून कोठारात गेल्या. 2002 पासून स्टॅनफर्डच्या पुरातत्त्वज्ञांनी त्यांचा अभ्यास चालवला, त्यातून पुष्कळ कळलं. आता त्यांतल्या थोड्या तरी वस्तू त्यांच्या मूळ जागेच्या जवळ, डाउनटाउनमध्येच, कायमच्या मांडाव्यात. मोठं संग्रहालय नको. ज्या फुटपाथवरून लोक अधिवेशनाला, जेवायला, खेळ बघायला जातात तिथे काचेमागे एक वाटी दिसली तरी पुरे. जेवणाची वाटी कोणालाही समजते. ठराव समजायला वाचावा लागतो.

तिसरी विनंती थोडी किचकट आहे आणि आपल्या अधिकाऱ्यांना आवडणार नाही. शहराच्या मालकीची एखादी जुनी इमारत पाडायचा किंवा मोडकळीला येऊ द्यायचा प्रस्ताव येतो, तेव्हा ती आज कोण वापरतं एवढंच विचारलं जातं. ती एकेकाळी कोणाची होती आणि ती माणसं, त्यांची मुलं-नातवंडं आज कुठे आहेत, हेही त्या कागदात लिहिणं सक्तीचं करावं. आज शहराकडे हिस्टॉरिक लँडमार्क्स कमिशन आहे, 1949 मध्ये असलं काही नव्हतं. पण कमिशन इमारतीचं वय बघतं, शैली बघतं, वास्तुविशारदाचं नाव बघतं. एंग शिंग गुंगची वस्ती संपली होती, पण तिथे वाढलेली मुलं याच खोऱ्यात राहत होती. त्यांच्याच आठवणींच्या आणि फोटोंच्या आधाराने पुढे प्रतिकृती उभी राहिली. म्हणजे विचारायला माणसं होती. विचारायची पद्धत नव्हती.

हे सगळं एका मराठी बाईने का लिहावं, असं माझ्याच काही मित्रांनी विचारलं. ‘ते चिनी लोक बघून घेतील, तुला काय करायचंय?’ त्यांच्यासाठी थोडं. 1917 च्या कायद्याने भारतीयांनाही हे दार बंद झालं होतं. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. कॅलिफोर्नियाने 1913 मध्ये केलेला जमीन कायदा नागरिकत्वाला अपात्र ठरवलेल्या आशियाई लोकांना लागत होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच काळात या राज्यात शिकत होते आणि गदर चळवळ उभी करत होते. आमच्यासाठी दार उघडलं ते 1946 मध्ये, चिन्यांच्या मागून तीन वर्षांनी, त्यांच्यासाठी पडलेल्या फटीतून. आज आम्ही ज्या ग्रीन कार्डच्या रांगेला शिव्या घालतो, तिच्या पुढच्या टोकाला कोण उभं होतं ते बघायला नको?

आणि दुसरं कारण पुढचं आहे. आम्ही या भागात देवळं बांधली, मराठी शाळा चालवल्या, मंडळाचे कार्यक्रम केले. आज ती गजबजलेली आहेत. मुलं मोठी होऊन ऑस्टिनला, सिअॅटलला, कुठे कुठे जातील. पन्नास-साठ वर्षांनी त्यांतली एखादी वास्तू ओस पडलेली, कर थकलेली, शहराच्या ताब्यात आलेली असेल. तेव्हा आपल्या खुर्चीवर जे कोणी बसलं असेल त्यांच्यापुढे फाइल येईल. त्या फाइलमध्ये वर सांगितलेला एक जादा कागद असावा, एवढा आमचा स्वार्थ आहे. तो मी लपवत नाही.

आपण तंत्रज्ञानातून राजकारणात आलात आणि कामं वेळेत, मोजून-मापून व्हावीत असा आपला आग्रह असतो, असं वाचते. मग तारीखही आपणच ठरवा. 2027 च्या मे महिन्यात आगीला 140 वर्षं होतील. त्या दिवशी कार्यक्रम होईलच. त्याआधी दारावरचं ते एक वाक्य लागावं. त्याला फार पैसे लागत नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सॅन होजेची एक मराठी रहिवासी

ता. क. मराठी वाचकांसाठी: केली पार्कला मुलांना हॅपी हॉलोला नेता ना, त्याच पार्कच्या दुसऱ्या टोकाला हे देऊळ आहे. वरचा मजला चुकवू नका, वेदी तिथे आहे. आणि या पत्राशी सहमत असाल तर महापौरांच्या कार्यालयाला आपल्या शब्दांत दोन ओळी लिहा. माझा मजकूर चिकटवू नका, एकसारखी पत्रं एकच पत्र म्हणून मोजली जातात.